आयजीएम पॉझिटिव्ह हा निकाल नव्हे : प्रसूतितज्ज्ञांना आणि प्रयोगशाळांच्या प्रमुखांना खुलं पत्र

सर्व प्रसूतितज्ज्ञांना, आणि तपासणीच्या अहवालावर माझ्यासारखीच सही करणाऱ्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

परवा एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. पहिलटकरीण, अकरावा आठवडा चालू. पर्समधून त्यांनी एक कागद काढला. इतक्या वेळा उघडून पुन्हा घडी घातलेला, की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. वरच्या ओळीत टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी, पॉझिटिव्ह. खालच्या ओळीत टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम, इंडेक्स १.४, पॉझिटिव्ह, आणि हा शेवटचा शब्द ठळक टायपात. खाली सही, शिक्का. बाकी कागद कोरा. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, खरं काय ते सांगा. आम्हाला सांगितलंय की धोका पत्करण्यापेक्षा खाली करून घेतलेलं बरं."

त्या कागदाच्या कोऱ्या भागाबद्दल हे पत्र आहे.

मी सेरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या, बघते. टॉक्सोची, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या लागणीची, तपासणी आमच्याकडे रोजची. त्यामुळे हे सगळं मी लांब उभी राहून, दुसऱ्याला बोल लावायला लिहीत नाही. अशा कोऱ्या कागदावर मीही सही केलेली आहे. ते पुढे सांगतेच.

या बाईंच्या बाबतीत आपल्याला खरं तर एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : लागण झाली कधी? दिवस राहायच्या बऱ्याच आधी झाली असेल, तर प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाला तिच्यापासून भीती जवळजवळ नाहीच. दिवस गेल्यावर झाली असेल, तर प्रकरण गंभीर. आयजीजी आणि आयजीएम ही लागणीविरुद्ध शरीर बनवतं ती दोन प्रकारची प्रतिपिंडं. लागण झाली आहे की नाही, हे आयजीजी सांगतं. ते काही आठवड्यांत दिसू लागतं आणि जन्मभर राहतं. आणि कधी झाली, हे आयजीएम सांगतं, असं आपण सगळेच शिकताना धरून चाललो. आयजीएम म्हणजे ताजं, आयजीजी म्हणजे जुनं. बऱ्याच आजारांत हे ढोबळमानानं चालून जातं, टॉक्सोत चालत नाही. इथे आयजीएम लवकर वर येतं खरं, पण जाताना रेंगाळतं. काहींच्या रक्तात ते महिनोन्‌महिने सापडतं, काहींच्या रक्तात वर्षानुवर्षं. किट जितकं संवेदनशील, तितकं हे उरलंसुरलं आयजीएम ते हमखास पकडणार. शिवाय संधिवातात आढळणाऱ्या रुमॅटॉइड फॅक्टरसारख्या गोष्टींमुळे टॉक्सो नसतानाही आकडा कट-ऑफच्या, म्हणजे पॉझिटिव्ह ठरवण्याच्या मर्यादेच्या, वर जातो. आयजीएम आधी वेगळं पकडून घेणाऱ्या कॅप्चर पद्धतीच्या किटमुळे हा त्रास कमी झाला, संपला नाही.

जरा गणित मांडून बघा. समजा, १००० गरोदर बायकांची तपासणी केली आणि त्यांतल्या ५ जणींना खरोखर नुकती लागण झाली आहे. किट चांगलं आहे, त्या पाचही जणी सापडल्या. नुकती लागण नसलेल्या शंभर जणींमागे ते फक्त दोघींना चुकून पॉझिटिव्ह म्हणतं. उरल्या ९९५, त्यांतल्या जवळजवळ २० जणी पॉझिटिव्ह निघाल्या. म्हणजे तोच कागद हातात घेऊन २५ जणी बाहेर बसल्यात, आणि त्यांतल्या २० जणींच्या बाळाला काहीच धोका नाही. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण नुकती लागण जितकी विरळ, तितका हा हिशोब आणखी बिघडत जातो. आणि आपण काय करतो? आत येणारी प्रत्येक बाई त्या पाचांतलीच आहे, असं धरून बोलतो.

यात माझं शोधून काढलेलं काहीच नाही. १९९७ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डॉक्टरांना पत्र पाठवून बजावलं होतं, की बाजारातल्या टॉक्सो आयजीएम किटच्या एकट्या निकालावरून गरोदर बाईला नुकती लागण झाली असं ठरवू नका. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संदर्भ प्रयोगशाळेच्या मंडळींनी एक अभ्यास छापला. बाहेरच्या प्रयोगशाळांनी आयजीएम पॉझिटिव्ह ठरवलेल्या गरोदर बायकांचे नमुने त्यांच्याकडे येत. त्यांनी पुष्टीच्या तपासण्या केल्या, आणि निकालाचा अर्थ जाणकारानं त्या बाईच्या डॉक्टरला नीट समजावून सांगितला. एवढ्यानं विनाकारण होणारे गर्भपात साधारण निम्म्यावर आले. एका तपासणीनं आणि एका फोननं. हे वाचल्यावर कित्येक दिवस माझ्या मनात एकच येत होतं, की आपण हा फोन का करत नाही?

आता माझ्या सहीची गोष्ट. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह, कंट्रोल, म्हणजे किट नीट चालतंय हे दाखवणारा नमुना, बरोबर, मी सही करून मोकळी झाले. बारावा आठवडा होता, हे मला नंतर कळलं. फॉर्मवर ते लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. काही महिन्यांनी आमच्याकडे पहिल्यांदा ॲव्हिडिटीचं, म्हणजे लागण नवी की जुनी हे ओळखायचं, किट आलं. नवीन किट पडताळायला जुने नमुने लागतात, म्हणून मी उणे वीसच्या फ्रीझरमधून आयजीएम पॉझिटिव्ह सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) काढली. त्यांत ते एक होतं. ॲव्हिडिटी हाय आली. पुन्हा लावली, पुन्हा हाय. म्हणजे लागण दिवस राहण्याच्या आधीची. मी त्या डॉक्टरांना फोन केला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कळलं, अहवाल हातात पडला त्याच आठवड्यात बाईंनी गर्भपात करून घेतला होता. त्या नमुन्याचा क्रमांक मला आजही पाठ आहे.

ही ॲव्हिडिटी म्हणजे काय, ते प्रसूतितज्ज्ञांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण पुष्कळांना या तपासणीचं नाव माहीत असतं, पण ती कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. ॲव्हिडिटी म्हणजे प्रतिपिंडाची पकड. लागण नवी असताना शरीर घाईनं जी आयजीजी बनवतं, ती परजीवीला सैल धरतात. महिने जातात तशी पकड घट्ट होत जाते. १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी याचाच उपयोग करून टॉक्सोची लागण नवी की जुनी हे ओळखून दाखवलं. पद्धत इतकी साधी आहे की बघताना मला अजून नवल वाटतं. एकाच सीरमचे दोन भाग प्लेटच्या शेजारशेजारच्या खळग्यांत घालायचे. एक नेहमीच्या बफरनं धुवायचा, दुसरा युरिया घातलेल्या बफरनं. युरिया सैल पकड सोडवतो. मग दोन्हींत रंगाचं द्रावण टाकायचं. निळं चढत जातं, ॲसिड टाकलं की पिवळं होतं. लागण जुनी असेल तर दोन्ही खळगे जवळजवळ सारखेच पिवळेजर्द. नवी असेल तर युरियाचा खळगा फिकट, कधी कधी तर पाण्यासारखा. यंत्र दोन्हींचं गुणोत्तर काढून देतं, पण प्लेट उजेडाकडे धरली की पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनीही कळतं.

हाय ॲव्हिडिटी आली, तर लागण होऊन साधारण चार महिने तरी झाले, असं म्हणता येतं. किटप्रमाणे ही मुदत थोडी मागेपुढे होते, ती किटसोबतच्या माहितीपत्रकात बघावी. याचा अर्थ असा, की पहिल्या सोळा आठवड्यांत घेतलेल्या रक्तात हाय ॲव्हिडिटी ही बाईला देता येणारी सर्वांत चांगली बातमी आहे. तेच रक्त तिसाव्या आठवड्यात घेतलं, तर ते फक्त गेल्या चार महिन्यांचं सांगेल, सुरुवातीच्या महिन्यांचा प्रश्न तसाच राहील. म्हणून नमुना लवकर हवा. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण उलट्या बाजूनं तीच चूक होते : लो ॲव्हिडिटी म्हणजे नुकती लागण, असं नाही. काही जणींत पकड घट्ट व्हायला वर्षाहूनही अधिक लागतं, आणि औषध सुरू असेल तर त्यापेक्षाही उशीर होऊ शकतो. लो किंवा मधली ॲव्हिडिटी आली, तर अजून काहीच ठरलेलं नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यायचा आणि पहिल्याच्या शेजारी, त्याच किटवर, त्याच रनमध्ये, म्हणजे एकाच वेळी, लावायचा. वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून आयजीजी वाढलं असं म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी एकच कापड मोजण्यासारखं आहे. आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह असेल, तरी वाट हीच. लागण खरी असेल तर दुसऱ्या नमुन्यात आयजीजी उगवलेलं दिसेल. पुढेही नाहीच उगवलं, तर ते आयजीएम खोटं होतं.

मी आजाराला कमी लेखते आहे, असं कुणी समजू नये. खरी नवी लागण सापडली, तर एक दिवसही दवडता कामा नये. गर्भारपण जसं पुढे सरकतं तशी बाळापर्यंत लागण पोहोचण्याची शक्यता वाढत जाते. तेराव्या आठवड्याच्या सुमाराला बाईला लागण झाली तर साधारण १५ टक्के, छत्तिसाव्याला सुमारे ७० टक्के. बाळाला होणारी इजा मात्र सुरुवातीच्या लागणीत जास्त : मेंदूत पाणी साठणं, मेंदूत चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर व्रण. बाळाला लागण झाली का, हे आईचं रक्त सांगू शकत नाही, ते गर्भजलाचं पीसीआर सांगतं. तेही अठरा आठवड्यांनंतर, आणि आईच्या लागणीला किमान चार आठवडे उलटल्यावर. त्याआधी घाईनं सुई घातली, तर निगेटिव्ह निकालावर विसंबता येत नाही. त्या पीसीआरवर पुढचं औषध ठरतं. तोवर स्पायरामायसिन, बाळाला लागण झाल्याचं सिद्ध झालं तर पायरीमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक ॲसिड. म्हणजे अगदी खरी लागण झालेल्या बाईपुढेही तपासण्या आहेत, औषध आहे, वेळ आहे. तिलासुद्धा नुसत्या आयजीएमवर 'खाली करा' म्हणणं चूकच. जिला काही झालेलंच नाही, तिच्याबाबत काय बोलायचं!

प्रसूतितज्ज्ञांना आणखी एक विनंती, आणि ती मी हात जोडून करते. दोन-तीन गर्भपात झालेल्या बाईला टॉर्च प्रोफाइल, म्हणजे टॉक्सो, रुबेला, सीएमव्ही, हर्पीस वगैरेंच्या तपासण्यांचा संच, लिहून देण्याची सवय सोडा. टॉर्च हे नाव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आलं, ते नवजात बाळांत सारख्याच दिसणाऱ्या संसर्गांचा एक गट म्हणून. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण शोधण्यासाठी नव्हे. टॉक्सो एकदा होऊन गेला की शरीराला त्याची ओळख पटते. निरोगी बाईचे तीन गर्भपात एकापाठोपाठ त्यानं होत नाहीत. तरीही नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणून महिनोन्‌महिने स्पायरामायसिन घेणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. एकीनं तर घरातलं मांजरही देऊन टाकलं होतं. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी बहुधा त्याच्या आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे बाहेर पडतो, आणि तिच्या रक्तातलं आयजीजी कैक वर्षांपूर्वीचं असू शकत होतं. जुनं आयजीजी ही काळजी करण्याची गोष्ट नाही, दिलाशाची आहे. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

टॉक्सोची तपासणी करायचीच असेल, तर सर्वांत मोलाचा नमुना दिवस राहण्याआधीचा किंवा पहिल्या भेटीतला. फ्रान्समध्ये १९७८ मध्ये लग्नाआधी ही तपासणी सुरू झाली (लग्नाआधीच्या वैद्यकीय दाखल्याची सक्ती २००७ च्या कायद्यानं उठली), आणि १९९२ पासून निगेटिव्ह असलेल्या गरोदर बाईची दर महिन्याला होते. तिथल्या डॉक्टरला आयजीएमकडे बघत अंदाज बांधावा लागत नाही. गेल्या महिन्यात आयजीजी नव्हतं, या महिन्यात आहे, हा सरळ पुरावा त्याच्या हातात असतो. दर महिन्याची तपासणी प्रत्येक देशाला जमेलच असं नाही, पण आधीचा एक निगेटिव्ह किंवा पॉझिटिव्ह कागद जपून ठेवणं कुणालाही जमतं. आणि फॉर्मवर तीन गोष्टी लिहाच : किती आठवडे, तपासणी कशासाठी, आधीचा टॉक्सोचा अहवाल असेल तर तो. आठवडे माहीत नसले, की मी इकडे बसून काहीही अर्थ लावू शकत नाही.

आता माझ्या सहकाऱ्यांशी बोलते. १९४८ मध्ये अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी टॉक्सोची डाय टेस्ट काढली. जिवंत परजीवी, रुग्णाचं सीरम, सोबत पूरक घटक असलेलं निरोगी माणसाचं सीरम, आणि मिथिलीन ब्लू. प्रतिपिंडं नसतील तर परजीवी निळा रंग घेतो, असतील तर त्याचं आवरण फाटतं आणि तो रंगत नाही. माणसानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक परजीवी मोजायचा. रंग न घेतलेले अर्धे कुठल्या पातळीपर्यंत विरळ केलेल्या सीरममध्ये सापडतात, ते शोधायचं. जिवंत परजीवी हाताळणं जोखमीचं, म्हणून आज जगात मोजक्याच ठिकाणी ही तपासणी उरली आहे, आणि बाकीच्या सगळ्या तपासण्या अजूनही तिच्याशीच ताडल्या जातात. ती परत आणा, असं मी म्हणत नाही. पण त्या काळी बघितल्याशिवाय कुणाला सही करता येत नसे. आज ॲनालायझरमधून आकडा निघतो, संगणक त्यापुढे पॉझिटिव्ह लिहितो, आणि माझ्या सहीचं चित्र चिकटवून अहवाल थेट बाईच्या फोनवर जातो. रात्री अकरा वाजता, ती एकटी असताना.

हा थेट रस्ता टॉक्सो आयजीएमसाठी बंद करा. गरोदर बाईचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं, की अहवाल होल्डवर टाका, त्याच नळीतल्या सीरमवर ॲव्हिडिटी लावा. ती सोय नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पाठवा, आणि डॉक्टरांशी स्वतः बोला. यासाठी दोन-चार दिवस जातील, ते जाऊ द्यात. उरलेलं सीरम टाकून देऊ नका. प्रसूती होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा, कारण दुसऱ्या नमुन्याची जोडी त्याच्याशीच लागते.

जन्मलेल्या बाळाच्या रक्ताबद्दलही थोडं. आईचं आयजीजी वारेतून बाळात उतरतं, त्यामुळे बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह असणं हा आजार नव्हे. ते हळूहळू कमी होत वर्षभरात गेलं, तर बाळाला लागण नव्हती. टिकलं किंवा वाढलं, तर होती. आणि बाळाचं आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून फाइल मिटू नका, लागण झालेल्या काही बाळांत ते येतच नाही. एचआयव्ही किंवा अवयवरोपणानंतरच्या रुग्णांत तर आयजीएमकडून फारशी अपेक्षाच ठेवू नये. तिथे जुनाच परजीवी डोकं वर काढतो, आणि प्रश्न मेंदूच्या स्कॅनचा, सीडी४ चा (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या संख्येचा) आणि पीसीआरचा असतो.

सुरुवातीला सांगितलं त्या बाईंचं रक्त मी त्याच दिवशी पुन्हा घेतलं. ॲव्हिडिटी हाय आली. फोन मी त्यांच्या डॉक्टरांना आधी केला, मग त्यांना. अकराव्या आठवड्यात चार महिने मागे मोजायला त्यांना बोटं लागली. त्या मोठ्यानं मोजत होत्या, आणि मी थांबले होते.

आमच्या अहवालात आयजीएम पॉझिटिव्हच्या खाली आता पुढचा मजकूर आपोआप छापला जातो. तो काढून टाकायचा असेल, तर कारण लिहून सही करावी लागते. आपल्या अहवालातल्या कोऱ्या जागेत तो जसाच्या तसा घ्या, माझी परवानगी मागायची गरज नाही :

"टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह. एवढ्यावरून नुकती लागण सिद्ध होत नाही. आयजीजी ॲव्हिडिटी तपासणी आवश्यक. ती हाय नसल्यास २ ते ३ आठवड्यांनी दुसरा नमुना पाठवावा, दोन्ही नमुने एकत्र तपासले जातील. पहिलं सीरम राखून ठेवलं आहे. पुष्टी होईपर्यंत गर्भाबाबत कोणताही निर्णय घेऊ नये. शंका असल्यास सही करणाऱ्या डॉक्टरांशी थेट बोलावं."

आणि त्याखाली जो नंबर छापाल, तो उचलला जाईल असा छापा.

आपली,
सेरॉलॉजी विभागातली एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ